वीस टक्के कपाट

शेवाळशास्त्र विभागात आम्ही दोघी होतो. मॅडम विभागप्रमुख, म्हणजे माझ्या प्रमुख. मी सहायक, म्हणजे उरलेला विभाग. सायकल स्टँडच्या वरची एक खोली आमच्या वाट्याला आली होती. खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट होतं, कपाटाला पाच फळ्या होत्या आणि फळ्यांवर बरण्या. बरण्यांत काय आहे असं कुणी विचारलं की मॅडम म्हणायच्या, "हिरवं पाणी. समजायचं असेल तर दोन वर्षं लागतील, बसा."

मधल्या फळीवरच्या एका बरणीला आम्ही थोरली म्हणायचो. मॅडमना ज्यांनी शिकवलं, त्या बाईंनी तरुणपणी कुठल्याशा डबक्यातून आणलेलं ते शेवाळ. ते डबकं पुढे बुजवलं गेलं. त्यामुळे या जातीचं शेवाळ आता आमच्या बरणीतच उरलं होतं. ठरावीक दिवसांनी त्यातला थोडा भाग ताज्या पाण्यात घालावा लागे, नाहीतर ते पांढरं पडून मरून गेलं असतं. विभाग बंद झाला तर मॅडमना आणि मला दुसरं काहीतरी शोधता आलं असतं. थोरलीला नसतं आलं.

आणि विभाग बंद करायचाच झाला तर आमच्याइतका सोपा दुसरा नव्हता. विद्यार्थी मोजके, माणसं दोन, आवाज शून्य.

त्या वर्षी सरकारने अनुदान निम्म्यावर आणलं. कुलगुरू, कुलसचिव आणि वित्त अधिकारी या तिघांनी काटकसर मनावर घेतली. भिंतीवरच्या घड्याळांचे सेकंदकाटे काढून ठेवले, बॅटरी वाचावी म्हणून. लिफ्ट फक्त वर जाताना वापरायची असं ठरलं. माणसं खाली स्वतःच्या वजनाने येऊ शकतात, असा वित्त अधिकाऱ्यांचा मुद्दा होता. लिफ्ट मग रिकामी खाली यायची. तिला येऊ दिलं नाही तर ती वर कशी जाणार, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "रिकामी येते ना? मग वजन वाचलं की." लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन असतं, त्यामुळे रिकामं खाली यायलाच तिला जास्त वीज लागते. पण तोवर ते वर पोचले होते.

प्रत्येक खोलीत एकच दिवा लावायचा, हा पुढचा हुकूम. आमच्या खिडकीला विद्यापीठाने दिलेले दोन जाड तपकिरी पडदे होते. दांडीत गंजून बसल्यामुळे ते सरकत नसत. शेवाळाला उजेड लागतो, पडदे काढून न्या, असा अर्ज मॅडम मी लागायच्या आधीपासून करत होत्या. पडदे ही विद्यापीठाची मालमत्ता असून जागेवरून हलवता येणार नाहीत, असं उत्तर दर वेळी यायचं. त्यामुळे आमचा एकुलता एक दिवा आम्ही कपाटात लावला आणि शेवाळाच्या उजेडात बसून कामं करू लागलो. दोघींचे चेहरे हिरवट दिसायचे.

यानंतर टंकलेखन शाखा बंद झाली. तिच्याबरोबर टंकलेखन तपासणारे दोघेही गेले. तेव्हापासून परिपत्रकं कुलसचिव स्वतः संगणकावर टाइप करू लागले, उजव्या हाताच्या एका बोटाने. डाव्या हातात चहाचा कप असे.

असं पहिलं परिपत्रक आलं ते मी मॅडमना मोठ्याने वाचून दाखवलं. "आर्थिक परिस्थिती लक्षात घेता सर्व विभागांनी वीस टक्के कपाट करून महिनाअखेरपर्यंत प्रशासनाकडे सादर करावी."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"कपाट?"

"कपात असणार, मॅडम. त्यांच्या संगणकावर त आणि ट एकाच कळीवर आहेत. शिफ्ट दाबली की ट येतो. शिवाय क्रियापद बघा ना. करावी. कपात करावी. कपाट असतं तर करावे झालं असतं."

मॅडमनी बरणीवरून नजर न हलवता म्हटलं, "कपात असो नाहीतर कपाट, शेवटी आपलंच कपाळ. जा, सांगून ये त्यांना. तुला सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही."

खरं होतं ते. चूक दिसली की मला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. मी कुलसचिवांकडे गेले. त्यांना माझी ही सवय ठाऊक होती. मला ते भिंग म्हणायचे. "या भिंगाने एक दिवस माझंच बिंग फुटणार आहे," असं ते चारचौघांत बोलून दाखवत. मी परिपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, या वाक्यात कर्म आणि क्रियापद जुळत नाही."

मी नेमकं असंच म्हटलं. कपाटाऐवजी कपात हवं, असं सरळ म्हणायला हवं होतं. पण समोरच्याला निष्कर्ष स्वतः काढू द्यावा, अशी आमच्या शास्त्रात पद्धत आहे.

कुलसचिवांनी चष्मा कपाळावर नेला, वाक्य ओठांतल्या ओठांत पुटपुटलं आणि मान डोलावली. "खरंच की. नजर आहे हो तुझी."

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या सहीने शुद्धिपत्रक निघालं. "कालच्या परिपत्रकात 'सादर करावी' याऐवजी 'सादर करावे' असे वाचावे."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना बरणी खाली ठेवावी लागली.

आता वाक्य निर्दोष होतं. विभागांनी वीस टक्के कपाट सादर करायचं होतं.

इतक्या शिकलेल्या माणसांत कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं मला आधी वाटलं. पण सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. इतिहासाचे विभागप्रमुख मला जिन्यात भेटले. पुढे सुतार, मागे ते, मध्ये एक लोखंडी कपाट.

"सर, ते कपात आहे," मी म्हटलं.

"हळू बोल, बाई! पैसे मागितले असते तर एका माणसाला घरी पाठवावं लागलं असतं. हे कपाट मागतायत. दे की काढून. याचं दार तसंही लागत नाही."

अशी कपाटं निघाली. दहा असलेल्यांनी दोन दिली, पाच असलेल्यांनी एक. गणिताकडे तीन होती. त्यांनी सुताराला बोलावून एका कपाटाचा तीनपंचमांश भाग कापून घेतला आणि उरलेला भिंतीला टेकवून ठेवला, कारण त्याला आता तीनच पाय होते आणि त्यातला एक आखूड. भूगोलवाल्यांनी कपाटाचा नकाशा पाठवला. तो नाकारला गेला. तत्त्वज्ञान विभागाने मनाचा मोठेपणा दाखवून आपलं एकुलतं एक कपाट सबंध देऊन टाकलं, तेव्हा त्यांना लेखी विचारणा झाली की, मग आपण विभाग चालवता कशात?

आमच्या एका कपाटाचे वीस टक्के म्हणजे एक फळी. पाचही फळ्या सारख्या आहेत का ते मी मोजून घेतलं. खालची थोडी रुंद निघाली, म्हणून वरची काढली. तिच्यावरच्या बरण्या मॅडमच्या टेबलावर गेल्या. फळी बगलेत मारून मी प्रशासन इमारतीत पोचले.

मोठ्या सभागृहात खुर्च्या काढून कपाटं रचली होती. कुलगुरू दोन रांगांमधून हात मागे बांधून फिरत होते. उंच, देखणा माणूस. बोलताना ते वाक्याच्या शेवटी थांबत, टाळ्यांना जागा ठेवल्यासारखे. वित्त अधिकारी त्यांच्या मागे वही घेऊन चालत होते. कुलसचिव एका कोपऱ्यात घाम पुसत होते. त्यांना तिसरं कपाट आलं तेव्हाच सगळं कळलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण तोवर कुलगुरूंनी मंत्रालयात फोन लावून कळवलं होतं, की आमच्याकडे आदेशाचं शंभर टक्के पालन झालं. इथे कुठल्याही आदेशाचं असं पालन याआधी कधी झालं नव्हतं. झाडून सगळ्या विभागांनी मुदतीत, रांगेत उभं राहून, वर पावती मागून पालन केलं होतं. अशा गोष्टीला चूक कोण म्हणणार?

"हे काय?" कुलगुरूंनी फळीकडे बोट दाखवलं.

"शेवाळशास्त्राचे वीस टक्के, सर. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक."

ते थांबले. टाळ्या पडल्या नाहीत. "बघा," ते वित्त अधिकाऱ्यांना म्हणाले, "याला म्हणतात काटेकोरपणा! बाकीच्यांनी नुसती डोळे मिटून कपाटं आणून टाकली. टक्केवारी नगावर धरायची, वजनावर की आत मावेल त्यावर, याचा विचार केला कुणी?"

कुणीच केला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे कपाट समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य कुलसचिव आणि वित्त अधिकारी, आणि मोजमापासाठी मी, कारण टेप माझ्याकडे होती.

समितीत मी सगळं ऐकत होते. ही तिन्ही माणसं मूर्ख नव्हती, हे नोंदवायला हवं. कुलगुरूंना रात्र रात्र झोप लागत नव्हती. ते म्हणाले, "पगार कापला तर माणसं रस्त्यावर येतात, फी वाढवली तर विद्यार्थी येतात. कपाटं आली, हे त्यातल्या त्यात बरं नाही का?" वित्त अधिकारी सतत काहीतरी आकडेमोड करत आणि उत्तर हाताने झाकून ठेवत. कुलसचिव प्रत्येक बैठकीत, "साहेब, मुळात मला असं म्हणायचं आहे की," एवढं बोलत, आणि कुलगुरू त्यांच्याकडे वळले की म्हणत, "की चहा सांगू का?"

एकदा मी धीर केला. "सर, मूळ शब्द कपात होता."

कुलगुरू माझ्याकडे फार दमलेल्या डोळ्यांनी बघत राहिले. "मुली, मला वाचता येतं," ते म्हणाले. "पुढचा विषय."

घरी मावशी रोज नवी बातमी मागायची. मी तिच्याकडे राहायचे. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मुकादम होती आणि तिला माझी नोकरी म्हणजे चालू असलेला तमाशा वाटायची. "आज किती आली? एखादं आरशाचं असलं तर बघ माझ्यासाठी." मग भाकरी उलटताना एकदम म्हणाली, "पण हसण्यावारी नेऊ नकोस. लाकूड खाऊन सरकारचं पोट भरत नाही. खरी कात्री येईल तेव्हा ती बारक्यांवरच चालेल. तुमची हिरवी बाई वाचेल ना?"

"कोण, मॅडम?"

"ती बरणीतली गं."

खरी कात्री घेऊन मंत्रालयाचे निरीक्षक आले. बुटके, शांत, हातात बारीकशी ब्रीफकेस. कुलगुरूंनी त्यांना सभागृहात नेलं, दोन्ही हात पसरले आणि वाक्याच्या शेवटी थांबले. निरीक्षक कपाटांच्या रांगा बघत राहिले. एका कपाटाचं दार त्यांनी उघडलं. ते निखळून त्यांच्या हातात आलं. ते दार हातात धरूनच त्यांनी विचारलं, "यातून वाचले किती?"

"हे संपूर्ण वीस टक्के आहेत," कुलगुरू म्हणाले.

"कशाचे?"

वित्त अधिकाऱ्यांनी वहीवरचा हात काढला. सुताराची मजुरी, हमाली, सभागृह अडल्यामुळे बुडालेलं भाडं, असं सगळं धरून विद्यापीठ थोडं जास्तच खड्ड्यात गेलं होतं.

निरीक्षकांनी दार भिंतीला टेकवलं. आवाज चढवला नाही. "मी पाचच्या गाडीने निघणार. निघायच्या आत मला खऱ्या कपातीचा एक आदेश हवा. एक तरी विभाग. आकडा लहान असला तरी चालेल, पण कागद हवा. नाहीतर उरलेलं अनुदानही थांबेल, मग सगळेच घरी बसा."

सगळ्यांची नजर वहीकडे गेली. वहीत विभागवार योगदान होतं, मीच मोजून लिहिलेलं. सगळ्यात कमी योगदान कुणाचं, हे शोधायला कुणाला भिंग लागलं नाही. शेवाळशास्त्र: फळी, एक.

"दोनच पदं आहेत," वित्त अधिकारी माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्यातल्या त्यात..."

कुलगुरूंनी वही मिटली. मग कुलसचिवांना म्हणाले, "करा तयार. मी सही करतो." माझ्याजवळून जाताना त्यांचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला आणि परत गेला.

मी धावत खोलीवर गेले. मॅडम थोरलीची बरणी उजेडात फिरवत होत्या. मी सांगितलं. त्यांनी बरणी जागेवर ठेवली, झाकण सारखं केलं. "मला वाटलंच होतं फळी कमी पडेल," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "घरी नेता येईल का गं हिला? पण माझ्या घरी दिवसभर मांजर असतं. बरणी पाडेल." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. हात मात्र झाकण पुन्हा पुन्हा सारखं करत होते.

तेवढ्यात कुलसचिवांचं बोलावणं आलं. तपासणीस नव्हते, त्यामुळे समिती झाल्यापासून त्यांचे कागद मीच वाचून देत असे.

त्यांच्या खोलीत ते एकटेच होते. चहाचा कप बाजूला सारलेला. संगणकाच्या पडद्यावर नुसती तारीख.

"तुला बोलवायला नको होतं," ते म्हणाले. "पण पुन्हा काही चुकलं तर ते निरीक्षक मला जिवंत सोडायचे नाहीत. बस."

मी बसले नाही. त्यांच्या मागे उभी राहिले. ते एका बोटाने लिहू लागले. शेवाळशास्त्र, मग विभागातील, मग दोन्ही. पुढे प आला. मग बोट द च्या कळीवर गेलं, पण दुसऱ्या हाताचा अंगठा शिफ्टवर विसावला होता आणि ड उमटला. त्यांनी अंगठा उचलला. पुन्हा तीच कळ दाबली, आता द आला, त्याला मात्रा लागली. मधला ड खोडायचा राहिला. बोट तसंच पुढे गेलं आणि पूर्णविरामापर्यंत जाऊन थांबलं.

"शेवाळशास्त्र विभागातील दोन्ही पडदे तत्काळ रद्द करण्यात येत आहेत."

कुलसचिव पडद्याकडे बघत होते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान लाल झाली होती, पण ती उन्हाळ्यात नेहमीच होते. त्यावरून काही सिद्ध करता येणार नाही.

"वाचून बघ," ते मागे न वळता म्हणाले. "तुझी नजर बारीक आहे. कर्म आणि क्रियापद जुळतं का बघ."

मी वाचलं. दोन्ही पदे रद्द करण्यात येत आहेत. दोन्ही पडदे रद्द करण्यात येत आहेत. पद नपुंसकलिंगी, पडदा पुल्लिंगी, पण या वाक्यात क्रियापद दोघांनाही चालत होतं. ते कुणाच्याच विरुद्ध साक्ष देणार नव्हतं. दाताखाली खडा आला. तो मी तसाच राहू दिला.

"जुळतं, साहेब," मी म्हटलं. "बरोबर आहे."

त्यांनी खाली वाकून छपाईयंत्र सुरू केलं.

कुलगुरूंनी सही केली. करताना त्यांनी कागद वाचला की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांना वाचता येतं, असं ते स्वतः म्हणाले होते. निरीक्षकांची गाडी दारात उभी होती. त्यांनी कागदावर बोट फिरवलं. "दोन्ही? तत्काळ? ठीक." शिक्का मारून त्यांनी कागद ब्रीफकेसमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुतार शिडी घेऊन आला. "तुमचे पडदे रद्द झालेत म्हणे," तो म्हणाला, आणि गंजलेल्या दांडीसकट त्याने ते उचकटून काढले. धुळीचा एक लोट आला. धूळ बसली तसा खोलीत उजेड दिसू लागला. खिडकी उत्तरेची होती. थेट ऊन नाही, दिवसभर सारखा, मऊ उजेड. अगदी शेवाळाला हवा तसा.

अर्जांचा जाडजूड गठ्ठा मॅडमनी खणातून काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. एरवी थोरलीची बरणी चौकटीच्या खाली राहिली असती. गठ्ठ्यावर ती बरोबर उजेडात आली.

पुढचे काही दिवस मी दारावर टकटक झाली की दचकत होते. पगार झाला, तरी दचकत होते. मग एका दुपारी कुलगुरूंच्या कार्यालयातून लिफाफा आला. वर लिहिलेलं: शुद्धिपत्रक. मॅडमनी तो माझ्याकडे सरकवला. "तूच फोड. माझे हात ओले आहेत."

त्यांचे हात कोरडे होते. मी लिफाफा फोडला.

"काय म्हणतायत?"

"आदेशातील 'तत्काळ' याऐवजी 'तात्काळ' असे वाचावे."

मॅडमनी श्वास सोडला. "आणि यातलं बरोबर कुठलं?"

"पहिलंच बरोबर होतं, मॅडम."

"मग?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जाऊन सांगणार आहेस?"

मी खिडकीकडे बघितलं. थोरली आता इतकी दाट झाली होती की बरणीच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. तिला ताज्या पाण्यात घालायची वेळ झाली होती. मी बाह्या वर केल्या.